बुधवारी काढलेली नखं

मी एक जुनी नराणी आहे, मित्रांनो. नराणी म्हणजे काय, असं तोंड वेंगाडून विचारू नका. तुमच्या पणजीला ठाऊक असेल. नखं काढायचं लोखंडी हत्यार. चार बोटं लांब, एका टोकाला चपटी धार, दुसरं टोक बारीक, नखाखालची माती काढायला. दिसायला मी काही देखणी नाही. पण कसबा बावड्यात एक काळ असा होता, की माझा हात फिरल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नव्हती. आता बोला.

सध्या मी बावड्यातच एका लहानशा दुकानात काचेच्या फळीवर असते. खाली पांढरं फडकं, अंगावर खोबरेल तेलाचं बोट. उसाचा हंगाम चालू झाला की कारखान्याकडून मळीचा गोड, जड वास येतो आणि मला डुलकी लागते. डुलकीत मला चंद्र दिसतात. आभाळातला नव्हे हो, नखांचे. बारीक, वाकडे, पांढरे. एकामागून एक कागदावर पडत राहतात, जरासुद्धा आवाज न करता. जागी झाले की वाटतं, एवढे चंद्र मी कापले, मग माझ्या आयुष्यात अंधार कसा म्हणून पडला? पण पडला होता. तेच तर सांगायचं आहे.

मागच्या जन्मी मी कानस होते. कुणा फिटरच्या हातात लोखंड घासून घासून माझे दात गेले आणि त्याने मला भंगारात टाकलं. तिथून मला एका घिसाड्याने उचललं. गावाबाहेर त्याचा गाडा उतरला होता. तो मला सांडशीत धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. तिच्या पाठीला पोर बांधलेलं, आणि दर घावाला त्या पोराची मान डुलायची. पोर झोपेतच होतं. त्या लाल उजेडात मीही अर्धी झोपेत होते. पाण्यात बुडवलं तेव्हा चर्र झालं, मी जागी झाले, आणि बघते तर मी नराणी.

मला आण्णांनी घेतलं. आण्णा म्हणजे बावड्याचे न्हावी. त्यांनी मला घरी आणून नव्या बायकोच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, "दाढ्या माझ्याकडं, बायकांची नखं तुझ्याकडं." ती नवी बायको म्हणजे धोंडुबाई. वय सोळा, शाळा दुसरीपर्यंत, आणि जीभ माझ्याहून धारदार.

तेव्हापासून आम्ही दोघी घरोघर फिरलो. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची नखं, बाळ बारा दिवसांचं झालं की बाळंतिणीची. धोंडुबाई पाटाशेजारी बसायची, नवरीचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची. आधी तो हात बघायची. उलटा, मग सुलटा, मग एकेक बोट दाबून. मग कोमट पाण्याच्या वाटीत बुडवायची. नख मऊ झालं की मी फिरायचे. तिच्या चिमटीत असताना मला माझं वजन कळत नसे. तळ्यावर वाऱ्याने पान सरकावं, तशी मी सरकायचे. नवरी हात आखडून घ्यायची. धोंडुबाई म्हणायची, "हात कशापायी वडतीस गं? मी नखं काढाय आलोय, बोटं न्हाय." सगळं घर हसायचं, नवरीही हसायची आणि बोटं सैल पडायची.

काढलेली नखं ती कागदावर गोळा करायची, पुडी बांधायची आणि घरामागे लांब परड्यात पुरायची. माणसाच्या अंगाचा तुकडा पायाखाली येऊ नये म्हणे. वारही पाळायची. मंगळवारी नखं काढायची नाहीत, तो देवीचा. गुरुवार दत्ताचा. शुक्रवार लक्ष्मीचा. शनिवारचं तर नाव काढायचं नाही. हे मी का सांगते आहे ते पुढे कळेल. तोवर लक्षात ठेवा.

आणि हेही लक्षात ठेवा, की पन्नास वर्षांत धोंडुबाईने कुणाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला नाही. हा तिचा मोठा अभिमान होता. खरं सांगू? माझा तिच्याहून मोठा.

मग गावात नेलकटर आलं. साखळीला अडकवायचं, बोटभर, कटकट वाजणारं. कुणीही, कुठंही, कसंही बसून नखं कापायला लागलं. आम्हाला बोलावणं कमी झालं. पुढे आण्णा गेले. दुकानाचं दार बंद झालं. मला त्यांच्या धोकटीत टाकलं, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांच्या चामडी पिशवीत, आणि ती धोकटी दुकानातल्या खुंटीला टांगली. आत तुरटीचा वास, साबणाचा वास, जुन्या चामड्याचा वास. वस्तरा शेजारी होता, पण तो मुळातच कमी बोलणारा. मी झोपले. किती वर्षं झोपले ते विचारू नका. झोपेत पाण्याची वाटी दिसायची आणि तिच्यात बुडालेली पाच बोटं, माशांसारखी हलणारी.

एके दिवशी धोकटीचं तोंड उघडलं आणि उजेडाबरोबर एक मुलगी आत डोकावली. ती धोंडुबाईची नात, क्रांती. बारावी झालेली. मला उचलून ती घराकडे पळाली.

"आज्जी, हिला धरायचं कसं, दाखव की."

"तुला कशाला पायजे?"

"मी कोर्सला नाव घातलंय. राजारामपुरीत जरीना मॅडमच्या क्लासला. मॅनिक्युअरचा."

"कसलं क्युअर?"

"हाताची, नखांची निगा राखायची. चार महिने शिकायचं, मग सरकारची परीक्षा. पास झालं की प्रमाणपत्र."

धोंडुबाईने पदर खांद्यावर सारखा केला. "नखं काढाय प्रमाणपत्र. उद्या शिंकाय बी लागंल."

"कागदाबिगर चांगल्या ठिकाणी कोण उभं करत न्हाय आज्जी."

"मला कुणी मागितलाता कागद?"

"तुला सगळा बावडा वळखत हुता. मला कोण वळखतंय?"

धोंडुबाईने मला हातात घेतलं, आणि मला एक गोष्ट जाणवली जी क्रांतीला दिसली नाही. तिची चिमटी थरथरत होती. थोडीशीच, दिव्याची वात वाऱ्याने हलावी इतपत. पण मी त्या हाताला पन्नास वर्षं ओळखत होते.

क्रांतीचे वडील धैर्यशील, म्हणजे धोंडुबाईचा मुलगा. तो कारखान्यात नोकरीला. आण्णांचं दुकान मागायला एक मोबाइलवाला त्याच्याकडे खेपा घालत होता. धैर्यशीलने पोरीला सांगून टाकलं, "दिवाळीपतोर कागद आण, दुकान तुझं. नापास झालीस तर मोबाइलवाल्याला देतो. मग त्या धोकटीचं काय करायचं ते आईनं बघावं." धोंडुबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "पास हुईल ती. नखं काढणं आमच्या रक्तात हाय, तुझ्यातच तेवढं उतरलं न्हाय."

क्रांती रोज बसने राजारामपुरीला जायची आणि संध्याकाळी येऊन सराव करायची. सरावासाठी क्लासमधून तिने एक प्लॅस्टिकचा हात आणला होता. मनगटापर्यंत, कातडीच्या रंगाचा, बोटं वाकवता येतील असा. पहिल्या दिवशी तो भांड्यांच्या ताटाळ्याशेजारी उभा केलेला. धोंडुबाई पाणी प्यायला गेली आणि तांब्या टाकून मागे आली.

"क्रांते, घरात कुणाचा हात आणून ठेवलाईस?"

"सरावाचा हाय तो आज्जी. खोटा."

"खोटा असू दे न्हायतर खरा. बाईचा हात हाय. असला मोकळा हात सांजच्या पारी बघवत न्हाय मला."

आणि तिने डब्यातून हिरव्या काचेची एक बांगडी काढून त्या प्लॅस्टिकच्या मनगटात चढवली. त्यानंतर तिला त्या हाताची भीती वाटली नाही. उलट जाता-येता त्याला ती बोलायची. "काय गं, आज कुठला रंग लावला तुला?"

क्रांती शिकत होती ते मोठ्याने म्हणून दाखवायची. हत्यारं आधी धुवायची, मग जंतुनाशकात बुडवायची. एका गिऱ्हाइकाचा टॉवेल दुसऱ्याला नाही. आणि सगळ्यात पहिला नियम. "जरीना मॅडम म्हणतात, आधी हात बघायचा. जखम असंल, सूज असंल, तर त्या हाताला पाण्यात घालायचं न्हाय. गिऱ्हाईक किती बी मोठं असू दे, न्हाय म्हणायचं."

"ह्यात नवीन काय सांगितलं तुझ्या मॅडमनं?" धोंडुबाई म्हणायची. "मी काय डोळं झाकून काढत हुतो?"

परीक्षेला प्रत्येकीने एक जिवंत हात बरोबर न्यायचा होता, म्हणजे एक बाई जिच्या हातांवर काम करून दाखवायचं. क्रांतीने मैत्रिणीला विचारायचं ठरवलं होतं. धोंडुबाई आडवी आली.

"परक्या पोरीचा हात कशाला? ज्या हातानं बावड्याची नखं काढली, त्यो हात घिऊन जा."

क्रांतीला ते मनापासून आवडलं. फक्त एक अट तिने घातली. महिनाभर नखांना हात लावायचा नाही, वाढू द्यायची, म्हणजे परीक्षेत कापून, घासून, आकार देऊन दाखवता येईल. धोंडुबाईने कबूल केलं. तीन आठवडे पाळलंही. शेजारणी म्हणायच्या, "न्हाव्याच्या घरात नखं बघा केवढी वाढलीत." ती तेही गिळायची. तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते.

मग परीक्षेची तारीख आली. वार शनिवार.

आता आठवलं का, मी काय लक्षात ठेवायला सांगितलं होतं? धोंडुबाईने मनात हिशेब घातला. शनिवारी नखाला धार लागू द्यायची नाही, मेलं तरी नाही. आदले दोन दिवस शुक्रवार आणि गुरुवार, तेही बाद. उरला बुधवार. आपण आपली गुपचूप काढून ठेवू, शनिवारी पोरगी घासंल, रंग लावंल, बास झालं. आणि पुण्याहून येणाऱ्या परीक्षक बाईपुढे वाढलेल्या नखांनी जायची वेळही येणार नाही.

बुधवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. तिने वाटीत कोमट पाणी घेतलं, कागद अंथरला, मला हातात घेतलं. कवडशात धूळ हळूहळू फिरत होती. मला वाटलं, मी स्वप्नातच आहे आणि ते जुने दिवस परत आले आहेत. डाव्या हाताची नखं नीट निघाली. पाच चंद्र कागदावर पडले. मग उजव्या हाताची, म्हणजे मी डाव्या चिमटीत. चार निघाली. अंगठ्याशी चिमटी थरथरली. मी थांबायला हवं होतं, पण हत्याराला थांबता येत नाही, मित्रांनो. माझी धारही आता एकसारखी राहिलेली नव्हती, मधे गंजाचा दाता पडला होता. मी नखाच्या कडेने मांसात शिरले.

पन्नास वर्षांतला पहिला थेंब. आणि तो तिचाच.

ती ओरडली नाही. हळद दाबली, चिंधी बांधली, मला पुसून कनवटीला खोचलं आणि कुणाला काही बोलली नाही. हात पदराखाली राहिला. गुरुवारी अंगठा ठणकायला लागला. शुक्रवारी कड लाल होऊन फुगली, नखुरडं झालं. "आज्जी, हात बघू, तयारी करूया," क्रांती म्हणाली तर तिच्यावरच डाफरली, "माझा हात काय पळून चाललाय? उद्या बघ." मी कनवटीतच होते.

शनिवारी क्लासच्या खोलीत आठ टेबलं मांडली होती. शिकवणाऱ्यांना आत मनाई, म्हणून जरीना मॅडम दाराबाहेर. परीक्षक संयोगिता मॅडम हातात कागद घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होत्या. क्रांतीने हत्यारं मांडली, हात धुतले, टॉवेल अंथरला. मग म्हणाली, "हात द्या."

धोंडुबाईने डावा दिला.

क्रांतीने तो उलटा बघितला, सुलटा बघितला, एकेक बोट दाबलं. मला कनवटीतून दिसलं आणि मी चमकले. हुबेहूब धोंडुबाई. फक्त पाटाऐवजी खुर्ची. नखं आधीच कापलेली बघून पोरीचं तोंड उतरलं.

"दुसरा द्या."

"ह्याच्यावरच कर की."

"दुसरा बी बघायचा असतो आज्जी."

पदराखालून उजवा हात बाहेर आला. अंगठा बोरासारखा झाला होता.

"हे काय झालं?"

"कांदा चिरताना लागलं."

संयोगिता मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. क्रांतीपुढे एक कागद होता, त्यावर गिऱ्हाइकाच्या हाताची अवस्था लिहायची होती. तिने पेन उचललं, परत खाली ठेवलं. जखम नखाच्या कडेने अर्धगोल गेली होती. कांद्याची सुरी अशी जात नाही, हे न्हाव्याच्या घरातल्या पोरीला कुणी सांगायला नको.

ती हळू आवाजात म्हणाली, "आज्जी, खरं सांग. खोटं मी लिहिणार न्हाय, आन् तू बोलली न्हाईस तर रकाना मोकळा ऱ्हाईल."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी पाण्यात बोटं बुडवली, ते पाणी हललेलं मला ऐकू आलं. धोंडुबाईची मान ताठ होती. ती मान मी कधी कुणापुढे खाली गेलेली पाहिली नव्हती, आणि ती आताही गेली नाही. तिने कनवटीला हात घातला, मला बाहेर काढलं आणि पांढऱ्या टॉवेलवर ठेवलं.

"हिनं केलंय," ती म्हणाली. मग आपली डावी चिमटी पुढे करून, "आन् हिला धरणाऱ्या हातानं. माझा हात आता हलतोय. लिव्ह तसं."

क्रांतीने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं.

परीक्षक मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"नराणी म्हणत्यात हिला," धोंडुबाई म्हणाली. "तुमच्या त्या पेटीतल्या सगळ्या हत्यारांची आज्जी."

"निर्जंतुक केलेली आहे?"

"तेल लावलेली हाय."

संयोगिता मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण आवाज तसाच राहिला. "क्रांती, आता पुढे काय करणार? नियमाप्रमाणे दोन्ही हातांचं काम दाखवायचं आहे."

"उजव्या हाताला मी पाण्यात घालणार नाही मॅडम. ते दुखणं वाढेल. गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवणार."

"मग त्या हाताचे गुण जातील."

क्रांतीने एकदा आज्जीकडे बघितलं. दुकान, धोकटी, मोबाइलवाला, सगळं त्या एका नजरेत होतं. "जाऊ देत," ती म्हणाली.

मग तिने डाव्या हाताचं काम केलं. आखूड नखांनाही कानशीने कड दिली. होय, कानस. कागदाची, खरखरीत, पण माझी नातच की ती. तेल चोळलं, तळहात दाबला, फिका गुलाबी रंग लावला. तास संपायला वेळ होता. तेव्हा तिने पिशवीतून प्लॅस्टिकचा हात काढला आणि विचारलं, "गुण नका देऊ, पण उजवा हात यावर करून दाखवू का?"

मॅडमनी मान डोलावली. मग त्यांची नजर हिरव्या बांगडीवर गेली. "ह्याला बांगडी कुणी घातली?"

"मोकळा हात बघवत न्हाय," धोंडुबाई म्हणाली, "सरकारी असला म्हणून काय झालं."

बाहेर आल्यावर जरीना मॅडमनी आधी अंगठा बघितला. निकालाचं नंतर बोलू म्हणाल्या, आणि आज्जीला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. उतरताना क्रांतीने मला रुमालात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवलं, आणि धोंडुबाईने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

निकाल दिवाळीच्या आधी आठ दिवस आला. प्रत्यक्ष कामात जेमतेम गुण. स्वच्छता आणि सुरक्षिततेत पैकीच्या पैकी. पास. धैर्यशीलने दुकानाची किल्ली काढून पोरीच्या हातात दिली. धोंडुबाईने कागद उलटा धरून नीट बघितला, शिक्का कुठे आहे तेवढं विचारलं आणि म्हणाली, "आमच्या येळला असला असता तर मला बी मिळाला असता." मिळालाच असता. मी साक्ष आहे.

अंगठ्याचं नख पुन्हा नीट वाढायला सहा महिने लागले. तोवर दुकान चालू झालं होतं. आण्णांची धोकटी खुंटीवर तशीच ठेवली, मला काचेच्या फळीवर आणलं. एका दुपारी धोंडुबाई आली, खुर्चीत बसली आणि दोन्ही हात टॉवेलवर ठेवले.

"काढ."

"आज्जी, आज शनिवार हाय."

"म्हाईत हाय. वार मीच शिकवलेत तुला." धोंडुबाईने खुर्चीत पाठ टेकली. "बुधवार बघून काढली, काय झालं ते दिसलं की. हात बघून काढायची. वार बघून न्हाय."

क्रांतीने हात उलटा बघितला. सुलटा बघितला. बोटं दाबली. मग कोमट पाणी. थोड्या वेळाने अंगठ्याच्या नखाचा चंद्र कागदावर पडला, आवाज न करता, आणि धोंडुबाईने त्याची पुडी बांधून कनवटीला खोचली. परड्यात पुरायला. तेवढं तिने सोडलं नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या हत्यारावर माया करा. त्याला गंजू देऊ नका, भंगारात टाकू नका, कुणी विचारलं तर त्याचं नाव सांगा. पण धार गेलेलं हत्यार केवळ मायेपोटी हातात घेऊ नका. आणि घरात ज्यांचे हात आता थरथरतात, त्यांनी तुमच्याकडे काही मागण्याआधी तुम्हीच त्यांचे हात मागून घ्या, उलटे-सुलटे बघा. ते आपणहून पदराखालून बाहेर येत नाहीत.

आता मला झोप येते आहे. मळीचा वास आला आहे. कुणीतरी वाटीत पाणी ओतते आहे. मला मात्र धार लावू नका. तेलाचं एक बोट पुरे.